काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गावात

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून न्यूकॅसलला पोचायला गाडीला साधारण तीन तास लागतात. कधी गेलात तर उजव्या हाताची खिडकी धरा. डरहॅमचं कॅथेड्रल त्याच बाजूला दिसतं, आणि शेवटी गाडी टाइन नदीवर आली की बाकीचे बहुतेक पूलही तिकडूनच दिसतात. त्यातली मोठी कमान टाइन ब्रिजची, १९२८ सालची. ती दिसली आणि मी उभाच राहिलो. समोरच्या आजींना वाटलं, माझं स्टेशन चुकलं.

या गावात मला तीस वर्षांपासून यायचं होतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, असे तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरातली माणसंसुद्धा दोन बाजूंना बसतात. त्यामुळे तेराव्या वर्षी शेजारच्या काकांच्या केबलवर न्यूकॅसल युनायटेड पहिल्यांदा दिसली, तेव्हा एकच गोष्ट मनात बसली: अख्ख्या शहराची ही एकच तालीम आहे.

तो १९९५-९६ चा सीझन होता. केव्हिन कीगन मॅनेजर. १९९२ मध्ये तो आला तेव्हा संघ दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी गटांगळ्या खात होता, आणि चार वर्षांत तोच संघ जानेवारीत बारा गुणांनी सगळ्यांच्या पुढे होता. पुढे लेस फर्डिनंड, त्या सीझनला लीगमध्ये २५ गोल. डावीकडे केस उडवत जाणारा दाविद जिनोला. मधे पीटर बिअर्डस्ली. फेब्रुवारीत इटलीतल्या पार्माहून कोलंबियाचा अस्प्रिया आला. बचाव करायचा असतो हे या लोकांना कोणी सांगितलंच नव्हतं असं वाटायचं, आणि म्हणूनच ते आवडायचे.

मला ती जर्सी हवी होती. तेव्हा कोल्हापुरात ती कुठून मिळणार? आईने शिवून दिली. महाद्वार रोडवरून काळं पॉपलीन आणलं, पांढऱ्यासाठी माझाच शाळेचा जुना शर्ट उसवला, आणि दोन रात्री मशीनवर बसून पट्टीला पट्टी जोडली. मधेच तिने विचारलं, "गळा कसला?" टीव्हीवर गळा कुठला दिसतोय! मी म्हटलं, साधी कॉलर लाव. छातीवर मी फॅब्रिक पेंटने एक निळा गोळा काढला, कारण टीव्हीवर तो तसाच दिसायचा. ३ एप्रिलच्या रात्री तीच घालून काकांकडे गेलो होतो. लिव्हरपूलविरुद्धची मॅच, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आपण २-१ पुढे, मग ३-२ पुढे, आणि जादा वेळेत लिव्हरपूलच्या कॉलीमोरने गोल मारला. ४-३. कीगन जाहिरातीच्या फळीवर डोकं टेकून कोसळलेला. काकांनी न बोलता टीव्ही बंद केला.

स्टेशनवरून चालत आधी जुने ब्रिटिश पंतप्रधान ग्रे यांच्या स्मारकापाशी गेलो, तिथून ग्रेंजर मार्केट. १८३५ पासूनचा झाकलेला बाजार, आत खाटीक, भाजीवाले, चहा. एका दुकानात स्टॉटी घेतली. हा इथला चपटा, गोल, चांगलाच दमदार पाव. आत हॅम आणि वाटलेल्या वाटाण्याचं पिवळं पीठलं. पीठलंच म्हणतो, कारण चव तिकडेच जाते.

बाजाराजवळच्या गल्लीत जुन्या जर्सींचं एक छोटं दुकान होतं. हँगरला हँगर लागलेला. मालक साठीचे. आधी हात लागला मँचेस्टर युनायटेडच्या राखाडी जर्सीला. ती ओळखणार नाही असा त्या पिढीतला माणूस नाही. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनमध्ये हाफटाइमला ३-० मागे असताना त्यांचा मॅनेजर फर्ग्युसनने ती सगळ्यांना उतरवायला लावली, प्रेक्षकांपुढे आपली माणसंच आपल्याला दिसत नाहीत म्हणून. निळ्या-पांढऱ्या जर्सीत उरलेला अर्धा खेळले, तरी ३-१ हरले. त्या राखाडी रंगात त्यांनी एकही मॅच जिंकली नाही. शेजारी न्यूकॅसलची बाहेरगावची जर्सी, मरून आणि नेव्ही ब्लू आडव्या पट्ट्यांची. ती सुंदर आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मालकांनी विचारलं काय शोधतोय. सांगितलं. ते आत गेले आणि कागदात गुंडाळलेली घेऊन आले.

कापड आजच्या जर्सीपेक्षा जड. हलवलं की पट्ट्यांवर चमक सरकते. छातीवर न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरच्या बाटलीवरचं लेबल, आणि माझा तो निळा गोळा म्हणजे पाच टोकांचा तारा निघाला. पाच टोकं, कारण पाच ब्रूअरी एकत्र येऊन ती कंपनी झाली. ताऱ्याच्या आत बारीक सावलीसारखं काहीतरी होतं. उजेडात धरलं. शहराची क्षितिजरेषा होती ती, आणि तिच्यात सकाळी गाडीतून पाहिलेली पुलाची कमान.

मालक म्हणाले, ती ब्रूअरी स्टेडियमला लागूनच होती, मॅचच्या दिवशी माल्टचा वास स्टँडपर्यंत यायचा. २००५ मध्ये बंद झाली, मग पाडली. एल आता दुसरीकडे बनते. लेबलवरचं शहर तेवढं इथंच आहे.

२०२५ मध्ये लीग कप आला, सत्तर वर्षांनी देशातला मोठा चषक. त्याचा आनंद गावात अजून ओसंडतोय. तरी मालक बोलत राहिले ते १९९५-९६ च्या त्याच सीझनबद्दल. घरच्या मैदानावर १९ पैकी १७ मॅच जिंकल्या. हरली ती एकच, ४ मार्चची, मँचेस्टर युनायटेडच्या कँटोनाच्या गोलमुळे. शेवटच्या दिवशी टॉटनहॅमशी १-१, पण तोवर लीग आपल्या हातात उरली नव्हती. शेवटी गुण: मँचेस्टर ८२, आपण ७८. त्यांनीही "आपण"च म्हटलं, आणि मीही.

संध्याकाळी सेंट जेम्स पार्कला एक चक्कर मारली. मैदान गावाच्या उरावरच आहे, स्मारकापासून चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत. कुठल्याही चढावर मान वर केली की ते पांढरं छप्पर. संघाचे जुने मॅनेजर बॉबी रॉब्सन यांच्या पुतळ्यापाशी लोक फोटो काढत होते. गॅलोगेट एंड या स्टँडच्या समोर पायऱ्यांवर बसून मी पिशवी उघडली.

जर्सी लहान मुलाच्या मापाची होती. दुकानात तेवढीच होती, आणि शंभर पौंडांच्या वर देऊन मी ती घेतली. १९९६ मध्ये मला ती नेमकी बसली असती. दुकानात सगळं लक्ष ताऱ्याकडे होतं, गळा आत्ता नीट पाहिला. कॉलर नव्हतीच. गोल उभी पट्टी, पुढे बटणं.

फोटो काढून आईला पाठवला. कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजले असतील, पण ती जागी होती. लगेच फोन आला.

"अरे, हा तर नेहरू शर्टाचा गळा! तेव्हा सांगितलं असतंस तर बाबांच्या शर्टावरून काढून दिला असता की."