दुसरं गेट, देसूरचं भात आणि खानापूरची लाल माती: माझी एन स्केल रेल्वे

मॉडेल रेल्वे करतोय म्हटलं की बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला, मग दूधसागर करणार काय? नाही ओ. दूधसागर साधारण ३१० मीटर उंच, माझं स्केल एन म्हणजे १:१६०, खऱ्याच्या एकशेसाठाव्या भागाएवढं, म्हणजे नुसता धबधबाच एक मीटर नव्वदच्या वर जातो आणि टेबलाची उंची धरली तर छत फोडायला पाहिजे. शिवाय तो फोटो सगळ्यांकडे आहे. मला करायचं होतं ते आपण रोज बघतो ते: टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट, देसूरच्या बाजूची भाताची शेतं आणि खानापूर सोडून गुंजीकडे जाताना लागणारी लाल मातीची कटिंग, म्हणजे रुळासाठी टेकडी कापून केलेली वाट. तीन जागा, तीन मॉड्यूल म्हणजे सुटे बॉक्स, जोडले की एक लाइन, काढले की कपाटात. भाड्याच्या घरात याहून जास्त रेल्वे मावत नाही.

बॉक्सचं माप टी-ट्रॅकचं घेतलं, म्हणजे टेबलावर जोडायच्या एन स्केल मॉड्यूलचं ठरलेलं माप. सिंगल मॉड्यूल ३०८ मिमी लांब, वर काटो या जपानी कंपनीचे २४८ आणि ६२ मिमीचे रूळ जोडून ३१० होतात, त्यामुळे दोन्ही बाजूला एकेक मिलिमीटर रूळ बाहेर राहतो आणि पुढच्या मॉड्यूलच्या रुळाला क्लिप बसते, लाकूड लाकडाला अडत नाही. फक्त टी-ट्रॅकला शेजारी शेजारी दोन लाइनी असतात आणि मला पाहिजे होती एक, कारण मी काळ धरलाय तो मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाल्यानंतरचा आणि डबल लाइन, वर विजेची वायर वगैरे येण्याआधीचा, डिझेलचा. आसपास टी-ट्रॅकवाला दुसरा कोणी नाही, एक मिरजेचा मित्र सोडला तर, आणि त्याला पण सिंगल लाइनच पाहिजे होती, मग नियम मोडायला कुणाची परवानगी घ्यायची.

प्लायचं काम सुताराकडून करून घेतलं, पण टोकाच्या पट्ट्या मात्र उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा जिग, म्हणजे मापाचा साचा, करून त्यावर भोकं पाडली. बेळगावात राहून हायड्रॉलिक आणि फाउंड्रीवाल्यांची ओळख वापरायची नाही तर काय. सुताराचा काटकोन आणि मशीनशॉपचा काटकोन यात फरक असतो, आणि नऊ मिमीच्या रुळाला तो फरक चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे प्लाय हवा धरतो म्हणून आतून बाहेरून, खालच्या बाजूला पण, वॉर्निश मारलं.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, एकदा सांगून टाकतो कारण रेल्वेतले लोक बघितलं की तेच काढतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला १६० नं भागलं तर साडेदहा मिमी येतं, आणि एन स्केलचा रूळ नऊ मिमीचा. दीड मिमी कमी. एक रिटायर्ड पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे रेल्वेचे इन्स्पेक्टर, काका घरी आले होते, चहा हातात घेतला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गेज बारीक वाटूलालंय रे." मला वाटलं होतं कुणाला कळणार नाही. खरं म्हणजे मीटरगेजचा काळ धरला असता तर माप चांगलं जुळलं असतं, १००० भागिले १६० म्हणजे सव्वासहा, आणि झेड स्केलचा रूळ साडेसहाचा मिळतो, पण मग इंजिन, डबे सगळं हातानं करत बसा. नऊ मिमीवर निदान अमेरिकन मॉडेलची चासी (चाकं, मोटर असलेला खालचा सांगाडा) घेऊन वर थ्रीडी प्रिंटचं शेल, म्हणजे इंजिनाचं वरचं कवच, टाकता येतं. आपलं डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन हे मुळात ईएमडी या अमेरिकन कंपनीचंच डिझाइन आहे त्यामुळे चासी अगदीच परकी वाटत नाही.

आता गेट. मोजमाप कसं घ्यायचं हा मोठा प्रश्न होता. लाइनीत उतरून टेप लावायचा नाही, विनापरवाना रुळावर जाण्याविरुद्ध रेल्वे ॲक्टचं कलम १४७ आहे आणि त्याआधी अक्कल आहे. मी रस्त्यावर उभा राहून, गेट बंद असताना, मोबाइलवर फोटो काढले आणि घरी येऊन स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ठोकळे, मोजले. काँक्रीट स्लीपर किलोमीटरला १६६० टाकतात, म्हणजे दोन स्लीपरमधलं अंतर साठ सेंटीमीटर, आणि फोटोत लाइनीच्या कडेनं जे काही आहे त्याचं माप स्लीपरच्या हिशोबात निघतं. स्लीपरची लांबी २७५० मिमी, ती आडव्या मापाला. केबिन किती लांब, रस्ता किती रुंद, दांड्याचा खांब रुळापासून किती, सगळं असंच काढलं. फोटो काढताना एकानं स्कूटर थांबवून विचारलं, "काय करूलालाय ओ, सर्व्हे हाय काय? जागा जाणार काय आमची?" खेळण्यातली रेल्वे करतोय म्हटल्यावर त्याला आणखीनच संशय आला.

३०८ मिमी म्हणजे खऱ्यातले एकोणपन्नास मीटर. यात गेट, केबिन, दोन्ही बाजूचा रस्ता एवढं बसतं, पण बाकी सगळं कापावं लागतं. उदाहरण द्यायचं तर ती पिवळी पाटी, 'सी/फा' लिहिलेली, ड्रायव्हरला गेट येतंय शिट्टी मार म्हणून सांगणारी. ती गेटच्या ६०० मीटर आधी असते. १:१६० मध्ये पावणेचार मीटर. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या पलीकडे. ती मी देसूरच्या मॉड्यूलवर आणून लावली, जवळजवळ गेटच्या तोंडाशी, आणि आजपर्यंत कुणी हटकलं नाही. गाडीचं पण तेच, एक्सप्रेसचे बावीस डबे लावले तर तीन मीटर गाडी, तिन्ही मॉड्यूल मिळून एक मीटर पण होत नाहीत, म्हणून पॅसेंजर, इंजिनामागे चार डबे, बस्स. बेळगाव स्टेशन मुद्दाम केलं नाही, प्लॅटफॉर्मच्या लांबीचा प्रश्न आहेच, वर पाटीवर नाव कुठलं घालायचं, बेळगाव की बेळगावी, हा २०१४ च्या आधीचा की नंतरचा असा वाद घरात नको.

मग हे दुसरं गेट आहे हे ओळखायचं कशावरून? केबिन कुठल्याही गेटला असते. मी बरेच दिवस इमारतींच्या मागे लागलो होतो, नंतर कळलं की ओळख गर्दीत आहे. गेट पडलं की दोन्ही बाजूला गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूला थांबत नाहीत, अख्खा रस्ता भरतो, या काठापासून त्या काठापर्यंत टू-व्हीलर, आणि गेट उघडलं की दोन्हीकडची फौज रुळावर समोरासमोर. तेच करायचं ठरवलं. स्कूटर एन स्केलमध्ये साधारण अकरा मिमी. रेझिन प्रिंटरवर एका शीटवर भरपूर निघतात, पण सगळ्या एकसारख्या पांढऱ्या, मग टूथपिकच्या टोकानं एकेकीला रंग, काही लाल, ग्रे खूप, एकीच्या पुढे दुधाचे कॅन म्हणून तांब्याच्या वायरचे दोन तुकडे, मागं बसलेल्या बाईच्या साडीला नुसता एक हिरवा ठिपका. माणूस साडेदहा मिमीचा, चेहरा काढायला जाऊ नका, हेल्मेट नसलेल्याला काळं डोकं आणि असलेल्याला लाल एवढं पुरतं. गाड्या चिकटवताना एकही सरळ चिकटवली नाही, प्रत्येकीचं तोंड जिथं फट दिसेल तिकडं. दोघं-तिघं दांड्याखालून वाकून चाललेत. हे झाल्यावर पहिल्यांदा कुणीतरी न सांगता म्हणालं, "अरे हे दुसरं गेट की!"

रंगापेक्षा खरी माती बरी, हे माझं मत. आपल्या जिल्ह्यात तर मातीच स्टेशनचं नाव सांगते. वडगाव, येळ्ळूर, देसूरकडं भाताची काळी जमीन, आणि खानापूरच्या पुढं जांभा, लाल. देसूरची माती शेताच्या बांधावरची, विचारून घेतली, खानापूरची रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातली. माती तशीच टाकायची नाही. वाळवायची, मग जुन्या तव्यावर भाजायची म्हणजे आतले किडे, बिया, बुरशी जाते. आईनं तवा हातात दिला तो असा, "हा आता भाकरीला परत यायचा नाही, सांगून ठेवते." मग कुटून आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर सुती कापडातून.

आणि त्यानंतर लोहचुंबक. हे जांभ्याच्या मातीला फार महत्त्वाचं. जांभ्यात लोखंड भरपूर, आणि त्यातले चुंबकाला लागणारे कण रुळावर राहिले की इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात, तिथं कायमचे चुंबक असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मातीवरून फिरवलं तर पिशवीच्या तळाला काळे बारीक कण उभे राहिले, मिशा फुटल्यासारखे. पिशवीतून चुंबक बाहेर काढलं की ते सगळे झडतात, परत फिरवायचं. देसूरच्या मातीत अगदी थोडे निघाले, खानापूरच्या मातीत काही केल्या संपेनात. मी पिशवी स्वच्छ यायला लागेपर्यंत फिरवत राहिलो, टीव्ही बघत होण्यासारखं काम आहे.

चिकटवायला फेविकॉलचं पाणी, निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब म्हणजे ते मातीवर गोळा होऊन न बसता आत झिरपतं. ड्रॉपरनं सोडायचं. एक गोष्ट आहे, खरी माती फेविकॉल प्यायली की वाळल्यावर पण थोडी गडदच राहते, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर करून बघायचं आणि लागेल तशी पांढरी शाडू मिसळून हलकी करायची. रुळाखालच्या खडीसाठी क्रशरची चुरी आणली. खरी खडी ६५ मिमीची, १६० नं भागलं तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, सगळ्यात बारीक चाळणीतून पडलेलीच घ्यावी लागते.

कटिंगचा जांभा करायला मजा आली. जांभ्याच्या अंगावर भोकं असतात, नुसतं पीओपी कोरलं तर तो बेसॉल्ट वाटतो, बेळगावच्या पलीकडचा. मी एक्सपीएस फोमवर (घट्ट थर्मोकोलसारखा असतो) पीओपीचा पातळ थर दिला आणि ओला असतानाच वर बारीक मीठ दाबलं. पीओपी घट्ट झालं की ब्रशनं पाण्यानं मीठ धुऊन काढायचं, खाली खड्डे राहतात. मीठ पीओपीत कालवायचं मात्र नाही, मिठानं पीओपी लवकर धरतं आणि हातातच दगड होतो. रंगाला आधी पिवळसर, मग गेरू पातळ करून, मग खड्ड्यांत काळपट लाल पाणी, आणि वरच्या काठावर तीच चाळलेली खानापुरी माती. कटिंगच्या डोक्यावर एक कौलारू घर ठेवलंय, खानापूर म्हणजे कुंभारकाम आणि कौलं, ते नसून कसं चालेल. कौलाची पट्टी लेझरनं कार्डशीटवर कापून घेतली, एकेक कौल अडीच मिमीचं. पावसाळ्यातलं शेवाळ म्हणून उत्तरेकडच्या उतारावर थोडा हिरवा-काळा हात.

देसूरच्या मॉड्यूलबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, भाताच्या खाचरांना बांध आणि स्टॅटिक ग्रास (विजेच्या भारानं उभे चिकटणारे बारीक धागे, गवतासारखे), काम सोपं, आणि बघणारे तिथं थांबत पण नाहीत. गेटचे दांडे मात्र अजून हातानं वर करावे लागतात, दांडा फिरवायला छोटी सर्वो मोटर आणून ठेवलीय, केबिनच्या खाली जागा पण सोडलीय, कोड लिहायचा मिरजेच्या मित्रानं कबूल केलाय.

तोच आता म्हणतोय वायर ओढ, आता सगळीकडे इलेक्ट्रिक आहे, तू कुठं डिझेलमध्ये बसलायस. खांब सरळ लाइनीत साधारण पन्नास ते सत्तर मीटरवर असतात म्हणजे मॉड्यूलला फार तर एक, ते जमेल. पण कॉन्टॅक्ट वायर, म्हणजे इंजिन जिच्यातून वीज घेतं ती, खऱ्यात बारा मिमीची, माझ्या स्केलमध्ये ०.०८ मिमी पण येत नाही, शिवणाचा दोरा पण जाड होतो, आणि मॉड्यूल सुटे करताना ती दर वेळी सोडायची कुणी? तूर्त प्रत्येक मॉड्यूलला रुळाच्या मागं एकेक भोक पाडून ठेवलंय, खांब लावायचाच झाला तर. वायरचं तो बघणार आहे म्हणतो.