भोकातून आलेला चुरा

जून संपत आला होता. मांडवीकाठच्या आमच्या यार्डात चाळीस फुटी शिडाची फायबर बोट ताडपत्रीखाली ठोकळ्यांवर उभी होती. मालक सत्तरीचे. समुद्रावर ते आणि त्यांच्या पत्नी, दोघंच जातात. लांब कीलची, म्हणजे तळाखाली लांब कणा असलेली बोट जागच्या जागी वळत नाही. धक्क्याला लावताना आडवा वारा सुटला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, भरकटते. म्हणून बो थ्रस्टर: नाळेत आरपार नळी, तिच्यात मोटरीवर फिरणारा पंखा, पाणी एकीकडून ओढून दुसरीकडे फेकणारा.

नळी 185 मिलिमीटरची. जितकी पुढे, तितका जोर जास्त. पण नाळेकडे तळ वर चढतो, आणि नळीच्या माथ्यावर निदान अर्ध्या व्यासाएवढं पाणी हवंच, नाहीतर पंखा हवा ओढतो. जागा ठरवण्यातच दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी आतून सहा मिलिमीटरचं पहिलं भोक घेतलं. कागदावर हा भाग भरीव फायबरचा होता. पांढरा चुरा येत होता आणि मध्येच ड्रिल हातातून पुढे सटकलं. बाहेर आला तो तपकिरी, ओला चुरा. कुजक्या लाकडाचा वास. आत, फायबरच्या दोन कातड्यांमध्ये, बाल्साचं हलकं लाकूड होतं, भिजलेलं.

फायबरचे थर चढवणाऱ्या लॅमिनेटर काकांनी चिमूट तळहातावर चोळली. म्हणाले, "झिला, करवत खाली ठेव."

प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. चांगल्या जागी टणक आवाज, खराब जागी बद्द. खडूची रेघ शेवटी पाण्याची खोली मोजणाऱ्या जुन्या डेप्थ सेन्सरच्या भोकापाशी जाऊन मिळाली. ते पाडताना कुणीतरी बाल्साची कड तशीच उघडी सोडली होती. बाल्साचे ठोकळे उभ्या धाग्यांचे, एकातून दुसऱ्यात पाणी सहज जात नाही; पण ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरल्या नसतील तर वाट मोकळीच. पाणरेषेखालचं भोक असं सोडणं मला आजही पटत नाही. त्या बोटीवर माणसं झोपतात.

मालकांना फोन केला. खर्च वाढणार, महिना जाणार, हे सरळ सांगितलं. ते संध्याकाळी आले, चुरा बोटांत धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सगळं काढा."

आतली कातडी कापली, बाल्सा पटाशीने खरवडला, हीटर आणि डीह्युमिडिफायर लावून पावसाळ्यात ते पोट वाळवलं. मग थरावर थर देत भरीव केलं. दमट हवेत इपॉक्सीवर, म्हणजे थर जोडणाऱ्या रेझिनवर, तेलकट पापुद्रा येतो. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर.

मग नाळेच्या दोन्ही बाजूंना भोकं घेऊन त्यांतून आरपार सळई घातली, तिला वाकवलेली तार बांधली आणि गोल फिरवली. तिरक्या तळावर लंबगोल उमटला. या वेळी करवत मीच चालवली. निघालेला तुकडा काकांनी उजेडाकडे धरला, कड अंगठ्याने चाचपली. पांढरी, कोरडी, आरपार भरीव.