लिंबची बारा मोटांची विहीर: जाणार असाल तर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आणेवाडीचा टोलनाका मागे पडला की लिंब फाटा येतो. तिथून आत वळलं की महामार्गाचा गोंगाट संपतो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. विहीर गावाच्या जरा बाहेर, शेतांमध्ये आहे. नकाशा शेवटी दगा देऊ शकतो, सरळ गावात विचारा.

विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ही विहीर बांधून घेतली. तेव्हा साताऱ्यात शाहू महाराजांची कारकीर्द होती. विहीर अष्टकोनी, खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. रुंद पायऱ्या उतरून दगडी दरवाजातून आत गेलं की उन्हाळ्यातही अंगाला गारवा जाणवतो. भिंतीवरचा शिलालेख आणि कोरलेले प्राणी सावकाश बघा.

बहुतेक लोक इथेच फोटो काढून परत फिरतात. खरी गंमत वर आहे. मुख्य अष्टकोनी विहिरीला एक उपविहीर जोडलेली आहे आणि या दोन विहिरींच्या मधोमध छोटा महाल आहे. त्याच्या भिंतीतल्या चिंचोळ्या जिन्याने गच्चीवर जाता येतं. तिथून खालचं पाणी दिसतं आणि काठावरच्या मोटेच्या जागाही (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी). जागा पंधरा आहेत, चालायच्या बारा, म्हणून हे नाव. बैल धावेवरून, म्हणजे उतरणीवरून, उतरले की नाडा (मोटेचा दोर) ताणायचा, भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी होऊन पाणी पाटाला लागायचं. एकाच वेळी बारा मोटा चालताना इथे काय आवाज होत असेल! हे सगळं आमराईसाठी होतं, असं गावात सांगतात.

सकाळी उशिरा जा, ऊन चढल्यावर उजेड खोलवर पोचतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, चपला घालून उतरू नका. मुलांचा हात काठावर सोडायचा नाही. पाणी आणि खाणं सोबत घ्या, आसपास हॉटेल मिळेलच असं नाही. एसटीने येणार असाल तर परतीची गाडी साताऱ्याच्या स्टँडवरच विचारून ठेवा.

विहिरीला तासभर पुरतो. मग कृष्णेकाठी कोटेश्वराचं देऊळ बघा, आणि गाडी स्वतःची असेल तर वाईजवळचं मेणवलीही जोडता येतं: नाना फडणवीसांचा वाडा, दगडी घाट आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा. मेणवलीत सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून लिंब आधी की नंतर यापेक्षा वार कोणता हे बघा.