बाबा चालायचे, तरीही

‘तुझे बाबा जन्मभर चालले, तरी त्यांना स्मृतिभ्रंश झालाच. मग तू कशाला रोज घाम गाळतेस?’ गेल्या चार वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली नुसतं हसते. आज हसत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी माझी चूक. व्यायामाने मेंदू तरुण राहतो, हे सगळ्यांच्या गळी उतरवणारी मीच होते. 2011 सालचा एक अभ्यास मला तोंडपाठ होता. 120 वयस्कर माणसं. निम्मी वर्षभर नेमाने भरभर चालली, निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, इतरांचा आक्रसला. हे मी जेवणाच्या टेबलावरही ऐकवायचे. एक गोष्ट मात्र गाळायचे: स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, चालणारे काही पुढे गेले नव्हते. माहीत होतं मला. गाळायचेच.

मग ती संध्याकाळ आली. बाबा फिरायला गेले ते दिवेलागण उलटली तरी परतले नाहीत. दोन तास शोधल्यावर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सापडले. ताठ मानेने, झपझप चालत होते. घरावरून कितीदा गेले असतील कोण जाणे. मी हाका मारत मागे धावले, पण मला गाठता येईना. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, श्वास एकसारखा, आणि मला धाप लागलेली. शेवटी हात धरला तेव्हा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, ‘तुम्हाला बरं वाटत नाहीये का? कुठे राहता तुम्ही?’

मला ‘तुम्ही’.

त्या पायांचा मला भयंकर राग आला. पाय शाबूत आणि माणूस नाही, असा कसा हिशेब? पुढे वाचलं की ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश झालेल्या जवळजवळ 500 जणांवर चाचणी झाली होती, निष्कर्ष 2018 मध्ये आले. व्यायामाने त्यांची शरीरं सुधारली, विस्मरणाचा वेग काही मंदावला नाही. म्हणजे आमच्या घरचंच चित्र.

मग चालणं फुकट गेलं? तेही मला मान्य नाही. न चालते तर बाबांना हे दहा वर्षं आधी झालं असतं, असं मी भांडणात म्हणते खरी, पण सिद्ध कसं करणार? दुसरे बाबा नव्हते तुलनेला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे 14 धोके मोजले, त्यात बैठं आयुष्य आहे, तसा बहिरेपणाही आहे. बाबांना ऐकू कमी यायचं आणि यंत्र लावायला ते तयार नव्हते. त्यावरून मी कधी भांडले नाही. मी आपली त्यांच्या पावलांवर खूश.

राहिला माझा प्रश्न. चालून आले की तासदोन तास डोकं लख्ख चालतं, रात्री झोप लागते, चिडचिड कमी होते. एवढं पुरेसं कारण आहे, असं मी सांगते. पूर्ण खरं नाही ते. परवा जुन्या शेजारणीचं नाव आठवेना, तेव्हा मी मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारल्या. याला विज्ञान म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला. नाव तिसऱ्या दिवशी आठवलं, भांडी विसळताना.