सिरपूरचे वारकरी

इंदूरला मामाकडे गेलं की सकाळी पोहे-जलेबी ठरलेली. या डिसेंबरात मात्र त्यानं साडेपाचलाच उठवलं. "आधी पाखरं, मग पोहे!" रामबागेतून धार रोडला स्कूटरवर मागे बसून जाताना दात नुसते वाजत होते.

सिरपूर तलावावर धुकं इतकं, की पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना. मग काळे ठिपके दिसू लागले. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. "वारकरी," मामा हळूच म्हणाला. इंग्रजीत याला कूट म्हणतात. नाव ठेवावं तर आपल्या माणसांनी! थवा उठला तो थेट उडालाच नाही, आधी पाण्यावर थपथप पाय मारत धावला. पलीकडे एक टिबुकली बुडी मारून गेली ती कुठे वर आली, शेवटपर्यंत सापडली नाही.

तलाव होळकरांच्या काळातला, शहराच्या पाण्यासाठी बांधलेला. पुढे शहर अंगावर आलं. अतिक्रमण, सांडपाणी, सगळं ओघानं आलं. तो वाचवायला नव्वदच्या दशकापासून झटले ते इंदूरचेच छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांची 'द नेचर व्हॉलंटियर्स' ही संस्था. 2022 मध्ये सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

माझा भाऊ मॅसॅच्युसेट्सला असतो. तिथे 1891 पासून एक ट्रस्ट देणग्यांवर रानं आणि माळ राखतोय. पुढे असे ट्रस्ट गावोगावी झाले. मालक अशा ट्रस्टला लिहून देतो. जमीन त्याचीच राहते, विकताही येते. पण तिथे बांधकाम करायचा हक्क तो कायमचा सोडून देतो, आणि ते बंधन पुढच्या मालकावरही येतं. मी हे मोठ्या उत्साहानं मामाला सांगितलं.

"झकास आहे. पण हा तलाव कुणा एकाचा थोडाच आहे? लिहून देणार कोण? इथं आपण रोज यायचं. कुणी भराव टाकताना दिसला की बोंब मारायची." 

कागदाशिवाय एवढं टिकतं, याचं मला कौतुक वाटलं आणि थोडी धास्तीही. मामाचे गुडघे आता कुरकुरतात.

त्यानं खिशातून कापडी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. बांधावरचे प्लास्टिकचे ग्लास वेचता वेचता नऊ वाजले. पोह्यांच्या गाडीवर पोचलो तेव्हा वर भुरभुरायचा जीरावन मसाला संपला होता.