पूनमला कुणी विचारलं?

‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’चा विषय निघाला की लोक रणवीर सिंगच्या भडक कपड्यांवर आणि आलियाच्या शिफॉनच्या साड्यांवर बोलतात. मला आठवते ती पूनम. रॉकीची आई. क्षिती जोगने केलेली.

सिनेमा २८ जुलै २०२३ ला आला, पाऊस अगदी भरात असताना. आम्ही तिघी गेलो होतो: मी, माझी लेक आणि सासूबाई. सासूबाई धर्मेंद्रसाठी आल्या. ‘चुपके चुपके’ त्यांना जवळजवळ पाठ आहे. लेक रणवीरसाठी. मी क्षिती जोगसाठी, कारण अनंत जोग आणि उज्ज्वला जोग यांची ही मुलगी मी मराठी मालिकांपासून बघत आले आहे, आणि ‘झिम्मा’मध्ये तर ती फारच आवडली होती. करण जोहरच्या एवढ्या झगमगाटात तिच्या वाट्याला काय येतंय, याची मला काळजीच होती.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. रॉकीच्या घरचे दिल्लीचे रंधावा, मिठाईच्या धंद्यात गडगंज. रानीच्या, म्हणजे आलियाच्या घरचे चॅटर्जी बंगाली, शिकलेले, घरात कथक आणि रवींद्रनाथ. मुलगा-मुलगी प्रेमात पडतात, घरं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. मग ठरतं की तीन महिने त्याने तिच्या घरी राहायचं आणि तिने त्याच्या.

भांडणाऱ्या घरांचे हिंदी सिनेमे आपल्याला नवे नाहीत. १९७३ च्या ‘बॉबी’त प्राण आणि प्रेमनाथ समोरासमोर उभे होते. १९९० च्या ‘दिल’मध्ये अनुपम खेर भंगारवाला असूनही मोठा श्रीमंत असल्याचं सोंग आणतो, सईद जाफरीला ते कळतं आणि सोयरीक मोडते. हसून हसून पोट दुखतं. पण या दोन्ही सिनेमांत भांडण बापांचं, तेही पैशावरून नाहीतर इभ्रतीवरून. आया काय करतात? पदर डोळ्याला लावतात.

‘रॉकी और रानी’त भांडण दोन घरांमधून निघून एका घराच्या आत शिरतं, आणि ते पूनमपाशी येऊन थांबतं. तिला गायचं असतं. घरात सासूचा, म्हणजे जया बच्चनच्या धनलक्ष्मीचा शब्द चालतो, नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही. पूनम बोलायला तोंड उघडते आणि आधी बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे बघून घेते. क्षिती जोगने हे बघणं कसं केलंय ते मुद्दाम पाहा. मान हलत नाही, फक्त डोळे आधी सासूकडे, मग नवऱ्याकडे जाऊन येतात, आणि वाक्य निम्म्यावर आवरलं जातं. असं आवरलेलं वाक्य मी आमच्या पार्ल्याच्या घरात ऐकलेलं आहे, लालबागच्याही.

माझं माहेर लालबागचं, मालवणी. बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. सासर पार्ल्याचं कोकणस्थ. आमचं प्रेमलग्न. कुणी जीव द्यायला वगैरे निघालं नाही, दोन्हीकडचे नाराज होत होत तयार झाले. मोडायची वेळ आली ती याद्या करायला बसलो तेव्हा. सासऱ्यांचे थोरले भाऊ, घरातले तात्या, म्हणाले, वरमाईचे पाय धुवायला हवेत, आमच्याकडची रीत आहे. बाबांनी हातातला कप खाली ठेवला. “माझी बायको कुणाचे पाय धुणार नाही.”

झालं. लग्न दादरच्या एका कार्यालयात लागलं, पाय धुतले गेले नाहीत, तात्यांकडचे लोक न जेवता उठून गेले. माझ्या दिवाळसणाला नवरा एकटा आला. गणपतीत बाबा पार्ल्याला यायचे, बाहेरच्या खोलीत बसून चहा घ्यायचे आणि आतल्या कुणाचं नाव न घेता निघायचे. आई आली की पिशवीत सुके बोंबील आणायची, आणि ती पिशवी माझ्या हातात न देता दाराआड ठेवायची. वर्षानुवर्षं असं चाललं. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणी मनापासून बोललंही नाही.

सिनेमा सुटल्यावर आम्ही कॉफी प्यायला थांबलो. लेक पूनमबद्दल बोलत होती, की तिला तिच्याच घरात कुणी काही विचारत कसं नाही. सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पाय धुवायचे का नाही, हे मला तरी कुणी विचारलं होतं गं? तुझी आई माझ्याहून वयाने मोठी. तिच्याकडून पाय धुवून घ्यायचे या विचारानेच मला झोप लागत नव्हती. लग्नात ते टळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं.”

एवढ्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं. तात्या आता नाहीत, बाबाही नाहीत. दोघं ज्यांच्या मानासाठी अडून बसले होते, त्या दोन्ही बायका त्या दिवशी त्याच खोलीत होत्या, एक पोह्यांच्या बशा भरत होती आणि दुसरी सतरंजीच्या टोकाला बसली होती.

रात्री आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “माका तरी खय कोणी इचारल्यान? धुतले आसते तर माझे हात काय झडले आसते?”

बाबांचं म्हणणं मला आजही पटतं. नोकरी गेलेल्या माणसाने मुलीच्या लग्नात मान तुकवायला नकार दिला, याचा मला अभिमान आहे. फक्त ते वाक्य बोलण्याआधी त्यांनी एकदा आईकडे वळून बघायला हवं होतं. तात्यांनीही सासूबाईंकडे.

म्हणून मला हा सिनेमा महत्त्वाचा वाटतो. त्यात दोष आहेत. भाषणं फार आहेत, आणि रानी शहाणपणाचं बोलायला लागली की थांबत नाही. पण रॉकीच्या घरच्या मेजवानीत रानीचे वडील कथक करतात आणि त्यांची टर उडवली जाते, आणि नंतर तोच रॉकी दुर्गापूजेत त्यांच्याबरोबर ‘डोला रे’वर नाचतो, तिथे माझ्या शेजारी सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तोता रॉय चौधरीच्या चेहऱ्यावर त्या नाचात जी शांतता आहे ती बघण्यासारखी आहे. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सिनेमाला निखळ मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून पुरस्कार मिळाला. मला वाटतं, करमणुकीच्या आत त्याने बरंच काही पोचवलं.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि लेकीचं अजून जमत नाही. धर्मेंद्रच्या कंवलला, म्हणजे रॉकीच्या आजोबांना, रानीची आजी, शबाना आझमीची जामिनी आठवते, ‘अभी ना जाओ छोडकर’ सुरू होतं आणि सगळं थिएटर विरघळतं. मीही विरघळले. साहिरचे शब्द, जयदेवची चाल, रफी आणि आशाबाई; दगडालाही पाझर फुटेल. पण त्या वेळी धनलक्ष्मी कुठे होती? नवऱ्याचं मन दुसरीकडे राहिलं, ही गोष्ट तिने संसारभर सोसली असणार. तिने धंदा उभा केला, घर मुठीत ठेवलं, आणि सुनेचा आवाज दाबला. ते चूकच आहे. लेक म्हणते, खलनायिकेला अशी सहानुभूती द्यायची गरज नाही, तिने पूनमचं आयुष्य नासवलं.

सासूबाईंनी यात एक भर घातली. १९७१ च्या ‘गुड्डी’त हीच जया शाळकरी मुलगी होती आणि धर्मेंद्रसाठी वेडी झाली होती. इथे ती त्याचीच बायको आहे आणि तो तिच्याकडे बघतही नाही. एवढं हाताशी असताना तिला एक प्रसंग, अगदी पाच मिनिटांचा, द्यायला काय हरकत होती? पूनमला विचारणारी रानी होती. धनलक्ष्मीला तिच्या तरुणपणी कुणी काय विचारलं होतं, हे मला त्या सिनेमात बघायचं होतं. लेकीला ते नको आहे. आमचा हा वाद चालू आहे आणि सासूबाई माझ्या बाजूने आहेत.