वॉर रूम्स आणि चार्टवेल: चर्चिलच्या हट्टाचा माग

लंडनमध्ये चर्चिल समजून घ्यायचा असेल तर पार्लमेंट स्क्वेअरमधल्या पुतळ्यापाशी फार रेंगाळू नका. वेस्टमिन्स्टर स्टेशनपासून थोडं चाललं की किंग चार्ल्स स्ट्रीटच्या टोकाला पायऱ्या लागतात, तिथेच वॉर रूम्सचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात चर्चिलचं सरकार जिथून काम करायचं त्या तळघराचं, दार आहे. वर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा उभा. प्लासी आठवतच आपण आत शिरतो, आणि ते बरंच आहे.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. बोळ अरुंद आहेत. गर्दी झाली की काचेपाशी थांबताच येत नाही.

सरकारी कचेऱ्यांखालचं हे तळघर ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, कामाला लागलं. नकाशांच्या खोलीत जहाजांच्या ताफ्यांसाठी टाचण्या टोचून टोचून अटलांटिकची चाळण झालेली दिसते. रूझवेल्टशी बोलायचा फोन एका कोंदट खोलीत होता आणि तिच्या दाराला संडासाची कडी होती. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो मंत्रिमंडळाच्या खोलीपाशी. चर्चिलच्या खुर्चीच्या लाकडी हातांवर ओरखडे आहेत, नखांचे आणि अंगठीचे. बाहेर ठाम दिसणारा माणूस आत किती ताणाखाली होता, ते मला तिथे कळलं.

१० मे १९४० ला तो पंतप्रधान झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, फ्रान्स कोसळत असताना, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीमार्फत वाटाघाटी चाचपून पाहावं म्हणत होते. चर्चिलने बाकीच्या मंत्र्यांना बोलावून लढायचंच हे ठरवून घेतलं. माझ्या मते त्याचं सगळं मोठेपण त्या तीन-चार दिवसांत आहे.

हाच हट्ट आपल्या वाट्याला वेगळा आला. भारताच्या स्वराज्याला त्याने अखेरपर्यंत विरोध केला, गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हटलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली आणि लंडनहून पुरेसं धान्य निघालं नाही. हिटलरपुढे न वाकणारा आणि भारतीयांना बरोबरीचं न मानणारा माणूस एकच होता. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच हे तळघर पाहावं.

चार्टवेलसाठी वेगळा दिवस ठेवा. केंटमध्ये वेस्टरहॅमजवळचं हे घर त्याने १९२२ मध्ये घेतलं. १९३० च्या दशकात सत्तेबाहेर असताना तो जर्मनीबद्दल इशारे देत राहिला, ते इथूनच. बागेतल्या भिंतीच्या बऱ्याच विटा त्याने स्वतः रचल्या आहेत. ती भिंत सोडू नका, आणि बागेतला चित्रांचा स्टुडिओही. ऑक्स्टेड किंवा सेव्हनओक्सपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे टॅक्सी करा; परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवून ठेवा. घर, बाग आणि स्टुडिओ यांच्या वेळा वेगवेगळ्या असू शकतात, हिवाळ्यात तर नक्की तपासा. जमीन उताराची आहे, बूट चांगले हवेत.

ऑक्सफर्डकडे जाणार असाल तर त्याचं जन्मस्थान ब्लेनहाइम आणि ब्लॅडनच्या चर्चच्या आवारातली त्याची कबर एकाच दिवसात होतात. ब्लेनहाइमला तिकीट आहे आणि तिथे वेळ भरपूर जातो. म्हणून ब्लॅडन आधी उरकून घ्या.